भोपळा, पानगळ आणि भुतांची रात्र: हॅलोविनच्या खुब्या आणि विकेट काढणारे प्रश्न

३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनला कंदील म्हणून कोरलेल्या भोपळ्याचं झाकण दुसऱ्या दिवशी आत पडलेलं दिसलं की लोक भोपळ्याला नावं ठेवतात. खरी चूक सुरीच्या कोनाची असते. सुरी उभी धरून गोल कापलं, तर झाकणाला टेकायला काठच उरत नाही. ते जरा सुकून आक्रसलं की धप्पकन खाली. सुरीचं टोक देठाखालच्या मध्याकडे वळवून, साधारण ४५ अंशांत तिरकं कापायचं. मग झाकण खाली निमुळतं होतं आणि तोंडावर बसून राहतं. कापताना एका जागी छोटीशी खाच ठेवावी, म्हणजे परत बसवताना कुठली बाजू कुठे हे शोधत बसावं लागत नाही.

त्याहून बरं म्हणजे वरून कापूच नये. मागून किंवा बुडातून भोक पाडावं. देठाकडचा भाग शाबूत राहिला की भिंतींना आधार मिळतो आणि भोपळा लवकर बसत नाही. बुडातून कापल्यास दिवा ताटलीत ठेवायचा आणि वरून भोपळा झाकायचा. आत हात घालून दिवा पेटवायची कसरत वाचते. फक्त खरी मेणबत्ती लावणार असाल तर देठाजवळ बोटभर रुंद भोक हवं, नाहीतर हवा कोंडून ज्योत विझते आणि वरची साल आतून भाजते. एलईडीचा दिवा असेल तर ही भानगड नाही.

भोपळा निवडणं आणि कोरणं

कोरायचा भोपळा वेगळा, खायचा वेगळा. कोरायच्या जाती मोठ्या, पातळ भिंतींच्या, पाणचट आणि धागेदार असतात. अमेरिकेत त्यासाठी गाजलेली जात हाउडन, मॅसॅच्युसेट्सच्या जॉन हाउडन या शेतकऱ्यानं तयार केलेली. ‘पाय’ या विलायती गोड पदार्थासाठी लहान, घट्ट गराचे, गोड भोपळे घेतात. अमेरिकेत डब्यात मिळणारा भोपळ्याचा गर बहुतेक करून डिकिन्सन जातीचा असतो, आणि तो भोपळा दिसायला फिकट तपकिरी, लांबट, चित्रातल्या नारिंगी भोपळ्याशी फारसं साम्य नसलेला असतो. प्रश्नमंजुषेत हा प्रश्न टाकून बघा, निम्मे लोक गारद होतात.

घेताना तीन गोष्टी बघायच्या. बूड सपाट आहे का. सालीवर नख दाबल्यास खूण उमटते का. उमटली तर भोपळा कोवळा आहे, टिकणार नाही. आणि देठ हिरवट, घट्ट आणि दोन-तीन इंच तरी आहे का. देठ धरून भोपळा उचलू मात्र नये. देठ तुटला की त्या जखमेतून सड सुरू होते. मऊ डाग किंवा छोटं भोक दिसलं तर कितीही देखणा असला तरी सोडून द्यावा.

कोरायला स्वयंपाकघरातली मोठी सुरी हे सगळ्यात वाईट हत्यार. ती जाड सालीत अडकते, मग जोर लावला जातो, आणि सुटली की थेट दुसऱ्या हातावर. भोपळ्यासाठी मिळणारी बारीक दातेरी करवत स्वस्त असते आणि तिनं दाबायचं नसतं, नुसतं मागेपुढे करायचं असतं. आतल्या बिया आणि धागे काढून झाले की ज्या बाजूला चेहरा येणार ती भिंत आतून धातूच्या चमच्यानं खरवडून साधारण अडीच सेंटिमीटर जाडीची करावी. हीच पायरी लोक गाळतात. भिंत जाड राहिली की करवत वळत नाही, बारीक नक्षी तुटते आणि उजेडही मंद पडतो. फार पातळ केली तर चेहरा दोन दिवसांत आत ओढला जातो.

चित्र कागदावर काढून तो भोपळ्यावर चिकटवावा आणि रेषांवर दाभणानं अर्ध्या सेंटिमीटरच्या अंतरानं टोचत जावं. कागद काढला की ठिपक्यांची रेघ उरते. ठिपके दिसत नसतील तर वर थोडं पीठ चोळावं. कापायला सुरुवात मधल्या, लहान, नाजूक भागांपासून. आधी नाक-डोळे, शेवटी तोंड. आधी मोठं तोंड कापलं तर भिंतीतला जोर निघून जातो आणि पुढचं कोरताना दातच मोडतात. मोडलाच दात, तर टूथपिक खुपसून परत बसवता येतो. कापलेला तुकडा बाहेर ओढू नये, आतून बोटानं बाहेर ढकलावा.

कोरलेला भोपळा गारव्यात तीन ते पाच दिवस तग धरतो, उकाड्यात दोनच. म्हणून ३१ तारखेसाठी २९ किंवा ३० तारखेला कोरावा. न कोरलेला चांगला भोपळा १० ते १५ अंश सेल्सिअसच्या कोरड्या जागी दोन-तीन महिने सहज राहतो, त्यामुळे विकत घ्यायची घाई केली तरी चालते, कोरायची करू नये. बुरशी लांबवायची असेल तर चार लिटर पाण्यात एक टेबलस्पून घरगुती ब्लीच घालून ते आतून आणि कापलेल्या कडांवर फवारावं, मग पुसून कोरडं करावं. कडांना पेट्रोलियम जेली लावली तर त्या सुकत नाहीत, पण जेली पेट घेते, म्हणून जेली लावलेल्या भोपळ्यात एलईडीच. सुकून सुरकुतलेला भोपळा बर्फाच्या पाण्यात काही तास बुडवला की पुन्हा टवटवीत होतो. बुरशी आलेला होत नाही. रात्री पारा शून्याखाली जाणार असेल तर आत आणावा. गोठलं की पेशी फुटतात आणि सकाळी ऊन लागताच सगळा लगदा होतो.

बिया फेकू नका. एक कप बिया धुऊन, दहा मिनिटं मिठाच्या पाण्यात उकळून, पूर्ण कोरड्या कराव्यात. एक टीस्पून तेल, पाव टीस्पून मीठ चोळून ओव्हनमध्ये १६५ अंश सेल्सिअसवर एका थरात पसरून १५ ते २० मिनिटं भाजाव्यात, मध्ये एकदा हलवाव्यात. ओल्या टाकल्या तर त्या भाजण्याऐवजी वाफवल्या जातात आणि चिवट होतात. ब्लीच अर्थातच बिया काढल्यानंतर. ब्लीच लावलेला भोपळा नंतर जनावरांना खायला घालायचा नाही, हेही लक्षात असू द्या.

भोपळ्याआधी सलगम

हॅलोविनची मुळं आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या साउइन या सणात सांगतात. कापणी संपून वर्षाची थंडीची अर्धी बाजू सुरू होण्याचा हा दिवस. तिथे दिवस सूर्यास्तापासून मोजत, म्हणून १ नोव्हेंबरचा सण ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळीच सुरू व्हायचा. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती सर्व संतांचा दिवस ठरला, आणि त्याच्या आदल्या रात्रीला आजचं नाव मिळालं.

तिकडे भोपळा नव्हताच, तो अमेरिका खंडातला. कंदील कोरायचे ते टर्निपचे, म्हणजे सलगमाचे. आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या कंट्री लाइफ संग्रहालयात डॉनेगलकडच्या अशा एका सलगमाचा प्लास्टरचा साचा आहे. खोल डोळे, वेडेवाकडे दात. त्याच्यापुढे कुठलाही भोपळा बाळसेदार दिसतो. अमेरिकेत गेलेल्या आयरिश लोकांना भोपळा सापडला आणि सलगम सुटला, यात नवल काही नाही. भोपळा आतून पोकळ असतो, सलगम ठोकळा असतो. करून बघायचा असेल तर मोठ्यातला मोठा घ्या, वरचा भाग कापा, चमच्यानं थोडं थोडं खरवडत भिंत सेंटिमीटरभर ठेवा. अर्धा-पाऊण तास सहज जातो आणि मनगट बोलायला लागतं. मेणबत्ती लावली तर शिजत्या सलगमाचा वास घरभर, तेव्हा इथेही एलईडी.

पानं लाल का होतात

पिवळा रंग शरद ऋतूत तयार होत नाही. तो उन्हाळाभर पानातच असतो. कॅरोटिनॉइड ही पिवळी-नारिंगी द्रव्यं हरितद्रव्याखाली झाकलेली असतात. दिवस लहान झाले की झाड नवं हरितद्रव्य बनवणं थांबवतं, जुनं मोडतं, पानातलं नायट्रोजन खोडाकडे ओढून घेतं, आणि पिवळा उघडा पडतो. लाल रंगाची गोष्ट निराळी. तो अँथोसायनिनचा, आणि मेपलसारखी झाडं तो त्याच वेळी नव्यानं तयार करतात, पानात अडकलेल्या साखरेपासून. म्हणून दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा, पण गोठण नाही, असं हवामान मिळालं की लाल भडक होतो. ढगाळ, उबदार शरदात तीच झाडं फिकी दिसतात. लवकर हिमकडाका पडला तर पानं रंग न घेताच करपतात. ओकचा तपकिरी रंग बराचसा टॅनिनचा.

पान गळतं तेही वाऱ्यामुळे नव्हे. देठाच्या बुडाशी पेशींचा एक विलग होणारा थर तयार होतो आणि नळ्या बंद होतात. वारा फक्त शेवटचा धक्का देतो. ओक आणि बीचच्या कोवळ्या झाडांवर हा थर अर्धवट राहतो, म्हणून वाळकी पानं भर हिवाळ्यातही खडखडत लटकलेली असतात.

हे झाकलेले रंग घरी दाखवता येतात, आणि मुलांसाठी यासारखा दुसरा प्रयोग नाही. हिरवी पानं पाच-सहा घ्या, बारीक फाडा, काचेच्या पेल्यात घालून बुडतील एवढंच आयसोप्रोपिल अल्कोहोल ओता आणि चमच्यानं चेचा. पेल्याला प्लास्टिकचं आवरण लावून तो नळाच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवा, मध्ये मध्ये हलवा. गॅसवर कधीच नाही, अल्कोहोलच्या वाफा पेट घेतात. खिडकीही उघडी ठेवा. द्रव गडद हिरवा झाला की कॉफीच्या गाळणकागदाची पट्टी पेन्सिलीला टांगून तिचं फक्त टोक द्रवात बुडवा. तासाभरात हिरवा पट्टा आणि त्याच्या पुढे पिवळा दिसतो. काहीच दिसलं नाही तर नव्वद टक्के वेळा पानं कमी आणि अल्कोहोल जास्त झालेलं असतं.

रंगीत पानं टिकवायची तर एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग पाणी उथळ ताटात घालून पानं त्यात बुडवावीत, वर दुसरं ताट दाबून ठेवावं. चार-पाच दिवसांत ती लवचिक होतात. पुस्तकात दाबलेली पानं सपाट राहतात पण ठिसूळ होतात. दाबायचीच असतील तर मध्ये टीपकागद घाला, नाहीतर ओल पुस्तकाला लागते.

सफरचंद, अंगठी आणि चहातला पाव

पाण्यातलं सफरचंद दातांनी उचलायचा खेळ जमतो तो हवेमुळे. सफरचंदाच्या आकारमानाचा जवळपास पाव भाग हवा असते, म्हणून ते तरंगतं. पेरमध्ये, म्हणजे नासपतीत, हवा कमी. ते बुडतं किंवा जेमतेम तरंगतं, म्हणून तो खेळ पेरचा झाला नाही. लहान सफरचंदं घ्यावीत, मोठ्यावर दात बसतच नाहीत. जिंकायची युक्ती म्हणजे पाठलाग करायचा नाही. सफरचंद भांड्याच्या काठाला किंवा थेट तळाशी दाबून धरायचं. एकाच टबात सगळ्यांनी तोंड घालणं आज कुणाला रुचत नाही, तेव्हा प्रत्येकाला वेगळं भांडं द्या किंवा सफरचंद दोरीला टांगा. टांगलेलं सफरचंद हात न लावता खायचा खेळही तितकाच जुना. पूर्वी आडव्या काठीच्या एका टोकाला सफरचंद आणि दुसऱ्या टोकाला पेटती मेणबत्ती बांधून काठी गरगर फिरवत. तेवढं जुनेपण जपायची गरज नाही.

आयर्लंडमध्ये हॅलोविनला बार्मब्रॅक हा सुक्या मेव्याचा पाव असतो आणि त्यात वस्तू लपवतात. अंगठी मिळाली तर लग्न, नाणं मिळालं तर पैसा, चिंधी म्हणजे गरिबी, काडी म्हणजे संसारात कटकट, वाटाणा म्हणजे यंदा लग्न नाही. यीस्टशिवायचा सोपा प्रकार असा: ३७५ ग्रॅम बेदाणे-मनुका २५० मिलिलिटर कडक, बिनदुधाच्या गरम चहात रात्रभर भिजवा. सकाळी चहासकट त्यात १२५ ग्रॅम ब्राऊन शुगर, एक अंडं, २२५ ग्रॅम सेल्फ-रेझिंग (बेकिंग पावडर मिसळलेला) मैदा आणि एक टीस्पून दालचिनी-जायफळाची पूड मिसळा. लोफच्या भांड्यात १७० अंशांवर साधारण तासभर. भिजवण्यात घाई केली तर कोरडा मेवा भट्टीत पिठातलं पाणी शोषतो आणि पाव भुगा होतो. वस्तू भाजण्याआधी घालू नका. पाव गार झाल्यावर खालून चीर देऊन, मेणकागदात गुंडाळून खुपसा, आणि खाणाऱ्यांना आधीच सांगा. दात मोडण्याचं भाकीत कुठल्याच पावात नसतं.

दारात येणारी भुतं

दारोदार फिरून खाऊ मागण्याची अमेरिकी पद्धत दुसऱ्या महायुद्धात मंदावली, कारण १९४२ ते १९४७ साखर रेशनवर होती. पुढे १९५० मध्ये फिलाडेल्फियात काही मुलांनी दुधाच्या खोक्यांतून युनिसेफसाठी पैसे गोळा केले, तीही प्रथा टिकली. दारासमोर निळसर हिरवा रंगवलेला भोपळा दिसला तर त्या घरी खाऊशिवायच्या भेटी मिळतात, ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी. अमेरिकेत २०१४ पासून ही खूण देशभर पसरली. असा भोपळा ठेवलात तर स्टिकर, पेन्सिली, चमकत्या कांड्या ठेवा, पण त्यांचं भांडं गोळ्यांपासून वेगळं. एकत्र ठेवलं तर खुणेला अर्थ उरत नाही.

पांढरी-नारिंगी-पिवळी कँडी कॉर्न ही गोळी कॉर्नस्टार्चमध्ये दाबून केलेल्या खळग्यांत तीन वेळा ओतून बनते, आधी टोकाचा पांढरा. बऱ्याच उत्पादकांच्या गोळीत जिलेटिन असतं आणि वरची चकाकी लाखेची असते. शाकाहारी पाहुणे असतील तर पाकिटावरची यादी वाचा.

खाऊत विष किंवा ब्लेड घालणाऱ्या अनोळखी माणसाची भीती दरवर्षी डोकं वर काढते. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसानं वाटलेल्या खाऊतल्या विषानं मूल दगावल्याचं एकही प्रकरण त्यांना सिद्ध झालेलं आढळलं नाही. खरा धोका रस्त्यावरच्या गाड्यांचा. म्हणून पोशाख घोट्याच्या वर, पाठीवर चकाकणारी पट्टी, आणि मुखवट्याऐवजी चेहऱ्यावर रंग. मुखवट्याची भोकं सरकली की बाजूचं दिसत नाही. रंग आदल्या दिवशी मनगटाच्या आत लावून बघावा.

धूर आणि रक्त

ड्राय आइसचा, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा, धूर जमिनीलगत पसरतो, म्हणूनच तो इतका भुताटकी वाटतो. पांढरं दिसतं ते कार्बन डायऑक्साइड नसतं, तो वायू अदृश्य आहे. दिसतात ते थंडीनं पाणी झालेल्या वाफेचे बारीक थेंब. अर्धा किलो तुकडे तीन-चार लिटर गरम पाण्यात टाकले की दहा मिनिटं दाट धूर मिळतो. पाणी गार झालं की धूर मरतो. मग आणखी बर्फ नव्हे, गरम पाणी घाला. तापमान उणे ७८.५ अंश, तेव्हा जाड हातमोजे आणि चिमटा लागतोच. बंद बाटलीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात कधीच ठेवू नका, वायू फुगून डबा फुटतो. खोलीची दारं-खिडक्या उघड्या हव्यात. वायू हवेपेक्षा जड असल्यानं खालीच साचतो, आणि जमिनीवर रांगणारी मुलं नि पाळीव प्राणी नेमके तिथेच असतात. ज्या दिवशी वापरायचा त्याच दिवशी आणावा. थर्माकोलच्या पेटीतही दिवसाला दोन ते चार किलो उडून जातो.

नकली रक्ताला अर्धा कप कॉर्न सिरप, एक टेबलस्पून पाण्यात कालवलेलं एक टेबलस्पून कॉर्नफ्लोर, एक टीस्पून लाल खाद्यरंग आणि एक टीस्पून कोको पावडर. कोको नसेल तर रक्त सरबतासारखं गुलाबी दिसतं. कपड्यांवरचा डाग निघेलच असं नाही, चांगले कपडे घालून हा उद्योग करू नका.

प्रश्नमंजुषेसाठी

बारा-पंधरा प्रश्न पुरे. निव्वळ सालं विचारली की लोक जांभया देतात. कारण विचारा, चर्चा रंगते. उदाहरणार्थ, अमेरिकेत २००७ पासून हॅलोविनच्या संध्याकाळी घड्याळाप्रमाणे तासभर जास्त उजेड का असतो? कारण घड्याळं मागे घेण्याचा दिवस ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारवरून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारवर गेला. ३१ ऑक्टोबर १९२६ला कोणता जादूगार वारला? हॅरी हुदिनी, डेट्रॉइटमध्ये, पोटातल्या संसर्गानं. त्याची बायको बेस दहा वर्षं दर हॅलोविनला त्याच्या आत्म्याची वाट बघत बैठक घ्यायची. १९३६ला हॉलिवूडच्या एका हॉटेलच्या गच्चीवर तिनं ती बंद केली. मिनेसोटातलं अनोका गाव स्वतःला हॅलोविनची राजधानी का म्हणवतं? कारण १९२० मध्ये तिथल्या लोकांनी टारगट पोरांच्या खोड्यांवर उपाय म्हणून मिरवणूक सुरू केली. हॅलोविनला पौर्णिमा किती वेळा येते? चित्रात दरवर्षी, प्रत्यक्षात २०२० ला आली, पुढची २०३९ ला.

बरोबरी झाली तर वजनाचा प्रश्न टाका आणि जो सर्वात जवळ जाईल त्याला जिंकवा: जगातला सर्वात जड भोपळा किती किलोचा? २०२३ चा कॅलिफोर्नियातला विक्रम १,२४७ किलोंचा होता, २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या भोपळ्यानं तो १,२७८ किलोंच्या वर नेला. बहुतेक जण दोनशेच्या आसपास अडकतात.